संथ पाण्यातला गळ



ज्या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंत सर्व विषयांचा ऊहापोह होतो, त्या व्यासपीठावर उभे राहून परक्या मुलखातल्या एका सरोवराकाठी कणकेची गोळी लावून मासा कसा धरतात हे सांगणे म्हणजे, कित्येकांच्या मते, सभेच्या वेळेचा अपव्यय होय. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी मासा कधी ताटात घेतलेला नसेल. उरलेल्या निम्म्यांनी तो बाजारातून आणलेला असेल. स्वतः गळ टाकून बसलेला श्रोता विरळाच. तरीही हा विषय आम्ही निवडला, कारण या लहानशा खेळात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. जो जीव आपणच जन्माला घातला, आपणच पोसला आणि आपणच पाण्यात सोडला, त्याला धरताना माणसाने कोणती मर्यादा पाळावी, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आधी मासा, मग पाणी, मग कणीक आणि शेवटी माणूस, अशा क्रमाने आम्ही जाणार आहोत.

प्रथम मासा. ज्याला इंद्रधनुषी ट्राउट म्हणतात, त्याच्या अंगावर बारीक काळे ठिपके असतात आणि कुशीवरून गुलाबी रंगाचा एक पट्टा गेलेला असतो. त्याचे मूळ घर म्हणजे प्रशांत महासागराचा उत्तर किनारा: एका बाजूला अमेरिका खंडाचा पश्चिम भाग, दुसऱ्या बाजूला रशियातील कामचाटका. सॅमन माशाशी त्याचे नाते इतके जवळचे आहे की १९८९ साली शास्त्रज्ञांनी त्याचे जुने शास्त्रीय नाव बदलून त्याला प्रशांत महासागरातील सॅमनच्या कुळात दाखल करून घेतले.

या माशाला थंडी मानवते. बारा ते सोळा अंश सेल्सिअसचे पाणी त्याला सुखाचे. वीस अंशांपलीकडे तो कष्टी होतो. पंचवीस अंशांच्या आसपास त्याच्या जिवाशी गाठ पडते. कारण साधे आहे. पाणी जितके गार, तितका त्यात प्राणवायू अधिक विरघळतो. समुद्रसपाटीला दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. पंचवीस अंशांना तो ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर असतो. शिवाय पाणी तापले की माशाचे शरीर अधिक प्राणवायू मागू लागते. म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा घटतो. महागाईचे दिवस ज्यांनी काढले आहेत त्यांना याहून अधिक स्पष्टीकरण नको.

आपल्या सह्याद्रीतल्या तळ्यांत हा मासा का नाही, याचे उत्तर येथेच मिळते. ती तळी उन्हाळ्यात त्याला सोसण्यापलीकडे तापतात. इंग्रजांनी ट्राउट हिंदुस्थानात आणला तो थंड प्रदेश पाहूनच. १९०० साली विलायतेहून आलेली अंडी काश्मीरात रुजली, १९०७ साली निलगिरीत अॅव्हलांश येथे आणि १९०९ साली कुलूच्या खोऱ्यात ट्राउटची पैदास करण्याची केंद्रे निघाली. महाराष्ट्राच्या वाट्याला हा पाहुणा आला नाही, आणि त्यात हवामानाशिवाय कोणाचा दोष नाही.

आता पाणी. उदाहरणादाखल आम्ही एकच सरोवर घेतो, म्हणजे बोलणे मोघम राहणार नाही. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून सुमारे ६,८०० फुटांवर क्राउली नावाचे सरोवर आहे. सरोवर म्हटले तरी ते निसर्गाने केलेले नव्हे. तेथून सुमारे ३०० मैलांवरचे लॉस एंजलिस शहर वाढू लागले, पाण्यावाचून त्याचे अडू लागले, आणि १९१३ साली त्या शहराने ओवेन्स नदीचे पाणी मोठ्या कालव्याने आपल्याकडे नेले. खोऱ्यातले शेतकरी नाडले गेले आणि वर्षानुवर्षे तंटा चालला. पुढे १९४१ साली त्याच नदीवर, आणखी वरच्या अंगाला, धरण बांधून हा जलाशय तयार झाला. त्याला नाव दिले ते फादर क्राउली या धर्मगुरूंचे. त्या उजाड झालेल्या खोऱ्यातल्या लोकांना प्रवाशांच्या येण्याजाण्यातून पोटाला काही मिळावे आणि शहराशी त्यांचा समेट व्हावा, यासाठी ते झटले होते. १९४० साली मोटारीच्या अपघातात ते वारले. जलाशय पाहायला ते राहिले नाहीत.

शहराच्या तहानेसाठी खेड्यांनी काय सोसावे लागते, हे धरणांच्या आपल्या प्रदेशाला नव्याने सांगायला नको. आम्हांला येथे दुसरी गोष्ट दाखवायची आहे. ओवेन्सच्या खोऱ्यात मुळात ट्राउट नव्हताच. तेथले मूळचे मासे लहान आणि निराळे. ट्राउट माणसाने आणला. आजही अशा जलाशयांत तो मोठ्या प्रमाणात सोडला जातो. सरकारी केंद्रांत मादीची अंडी काढून ती फलित करतात, पिले सिमेंटच्या लांबट हौदांत वाढवतात, आणि वीतभर झाली की टाकीच्या मोटारींतून आणून पाण्यात सोडतात. या व्यवस्थेची सुरुवात जुनी आहे. कॅलिफोर्नियातच मॅक्लाउड नदीच्या काठी १८७९ साली ट्राउटची अंडी गोळा करण्याचे सरकारी केंद्र निघाले होते. तर श्रोतेहो, पाणी माणसाने अडवलेले आणि मासा माणसाने सोडलेला. राहता राहिले आमिष. तेही माणसाच्याच कारखान्यातले.

पण आमिषाकडे वळण्यापूर्वी संथ पाण्याचा धर्म ध्यानात घेतला पाहिजे. वाहत्या पाण्यात मासा एका जागी, दगडाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि अन्न त्याच्याकडे वाहत येते. संथ पाण्यात याच्या उलट. तेथे अन्न आपण होऊन येत नाही; माशालाच ते शोधत हिंडावे लागते. म्हणून नदीवरचा गळकरी माशाच्या ठिकाणी आमिष नेतो, तर तळ्याकाठचा गळकरी माशाच्या वाटेवर आमिष मांडून बसतो. पहिला फेरीवाला, दुसरा दुकानदार. दुकान कोठे थाटावे, यातच दुसऱ्याचे सारे कौशल्य.

ते कोठे थाटावे, हे ऋतू सांगतो. वसंतात बर्फ वितळल्यावर काठचे उथळ पाणी आधी ऊब धरते आणि त्यात किडे जागे होतात. तेव्हा ट्राउट काठाशी येतो. उन्हाळ्यात वरचे पाणी तापते आणि हलके होऊन वरच राहते, गार व जड पाणी खाली बसते, आणि दोहोंच्या मध्ये एक सीमा तयार होते. मग मासा खोल जातो, किंवा जेथे ओढ्याचे गार पाणी येऊन मिळते त्या मुखाशी गोळा होतो. पहाट आणि तिन्हीसांजा या त्याच्या भोजनाच्या वेळा. भर दुपारी काठावर बसणाऱ्याला ऊन तेवढे मिळते.

आता कणीक. कणकेने मासा धरणे ही अमेरिकेची मिरास नव्हे. आपल्या दख्खनच्या भूमीवर बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकी सांगताना त्यात ‘मत्स्यविनोद’ या नावाचे एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना आधी एका जागी खाऊ घालून माणसाळवणे, कोणाला कसले खाद्य रुचते, काठी आणि दोरी कशी असावी, असा सारा तपशील राजाने बारकाईने दिला आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे विद्वानांचे लक्ष त्याकडे नीट वेधले गेले. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनने १६५३ साली मासेमारीवर जे पुस्तक लिहिले, त्यातही मळलेल्या गोळ्यांच्या कृती आहेत. त्याच्या पाचशे वर्षे आधी आपला राजा या विषयावर बोलून चुकला होता.

परंतु आपली कणीक बुडते. गव्हाचे पीठ पाण्यात मळले की तो गोळा पाण्याहून जड होतो आणि थेट तळ गाठतो. आपल्या तळ्यांत ते चालते, कारण मृगळ तळाशीच चरतो आणि रोहू मधल्या पाण्यात व त्याखाली हिंडतो. ट्राउटच्या सरोवरात मात्र तळाशी शेवाळ आणि पाणवनस्पतींचे रान असते. बुडालेली गोळी त्यात नाहीशी होते. ट्राउट हिंडतो तो या रानाच्या वरून, आणि त्याची नजर समोर व वर लागलेली असते. तेव्हा आमिष तळापासून हात-दीड हात उंच, पाण्यात लोंबकळत राहिले पाहिजे.

यासाठी तेथले लोक पूर्वीपासून अनेक युक्त्या करीत आले. मार्शमॅलो नावाची साखरेची फुगीर मिठाई आकड्याला लावणे ही त्यांतली एक. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस आयोवा राज्यातील बर्कले या कंपनीने बरणीत भरलेले भडक रंगांचे, उग्र वासाचे आमिष बाजारात आणले आणि तरंगती कणीक घरोघर झाली. गंमत अशी की, या कंपनीचा आरंभ १९३७ साली बर्कली बेडेल नावाच्या शाळकरी मुलाने केला तो पिसे आणि केस बांधून केलेल्या कृत्रिम माश्या विकून. हाच मुलगा पुढे १९७५ ते १९८७ पर्यंत अमेरिकेच्या लोकसभेचा सभासद होता. माशीपासून निघालेली कंपनी शेवटी कणकेशी येऊन पोचली.

ट्राउट या गोळीला का भुलतो? हौदातल्या पिलाने जन्मापासून एकच अन्न ओळखलेले असते: माशांचे पीठ आणि तेल यांपासून केलेल्या लहान, वासाच्या गोळ्या. त्या आकाशातून पडतात आणि खाल्ल्या की पोट भरते, एवढीच त्याची जगाविषयीची समजूत. पाण्यात तरंगणारी वासाची गोळी दिसली की त्याला ती ओळखीची वाटते. माशाच्या नाकपुड्या श्वासासाठी नसतात, केवळ वासासाठी असतात. आणि तो वास त्याला त्याच्या बाळपणाच्या ताटाची आठवण करून देतो. जंगली मासा शहाणा आणि हौदातला भाबडा, असा भेद गळकरी करतात. आमच्या मते तो भाबडेपणा माशाचा नव्हे, आपणच त्याला लावलेली ती सवय आहे.

गळाची मांडणी थोडक्यात सांगतो. मुख्य दोरी पातळ नायलॉनची, म्हणजे आपल्या भाषेत तंगुसाची. तिच्यात आरपार भोक असलेली शिशाची अंडाकृती गोळी ओवायची, अशी की दोरी तिच्यातून विनासायास सरकावी. मग एक पितळी कडी बांधायची, म्हणजे शिसे खाली घसरत नाही. कडीच्या पुढे त्याहून बारीक तंगूस हात-दीड हात सोडून टोकाला लहानसा आकडा. आकडा पूर्ण झाकेल अशी कणकेची गोळी त्यावर दाबायची. ती केवढी असावी? लोखंड पाण्याच्या जवळजवळ आठपट जड. त्या लोखंडाचे वजन उचलून धरील एवढी. मोठ्या वाटाण्यापासून लहान बोरापर्यंत. पण अंदाजावर विसंबू नये. गळ फेकण्याआधी काठच्या पाण्यात आकडा सोडून पाहावा. वर आला तर गोळी पुरे, बुडाला तर चिमूटभर कणीक आणखी लावावी.

गळ पाण्यात पडला की शिसे तळाशी बसते आणि गोळी तंगुसाच्या लांबीइतकी वर येऊन उभी राहते, पतंग जसा दोरीला धरून वर असतो तशी. तंगूस आखूड केले तर गोळी खाली, लांब केले तर वर. अर्धा तास काही हालचाल नसेल तर लांबी बदलून पाहावी. मग काठी टेकवून दोरी सैल ठेवायची. मासा गोळी तोंडात घेऊन निघाला की दोरी शिशातून सरकत जाते. शिसे जागीच राहते, माशाला ओढ जाणवत नाही, आणि तो निःशंकपणे आमिष गिळतो. काठावरची सैल दोरी ताणली जाऊ लागली की काठी उचलायची. सारी विद्या एवढीच आहे. बाकी उरते ती चिकाटी.

श्रोतेहो, येथे आम्ही मुख्य मुद्द्याशी आलो. मासा निःशंकपणे गिळतो, असे आम्ही आत्ता म्हणालो. या मांडणीची सारी खुबी त्या एका क्रियापदात आहे, आणि माशाचा घातही त्याच क्रियापदात आहे. पिसांची माशी मासा तोंडात घेतो आणि हे अन्न नव्हे असे ओळखून क्षणात थुंकू पाहतो. म्हणून तो आकडा बहुधा ओठात किंवा जबड्यात रुततो. कणीक मात्र चवीची असते. तिला थुंकण्याचे त्याला कारण नाही. दोरी सैल, वेळ भरपूर. आकडा घशात उतरतो. ट्राउटचे हृदय घशाच्या खाली, कल्ल्यांच्या अगदी पाठीमागे असते, आणि कल्ल्यांतून रक्ताच्या नाजूक वाहिन्या जातात. तेथे रुतलेला आकडा काय करतो, हे सांगायला वैद्य नको.

१९७७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, धरून पुन्हा सोडलेले ट्राउट व त्यांचे भाऊबंद यांपैकी किती मरतात याची सरासरी दिली आहे. गांडुळाच्या आमिषाने धरलेल्यांपैकी शंभरातले सुमारे पंचवीस, धातूच्या वा लाकडाच्या कृत्रिम आमिषाने धरलेल्यांपैकी सुमारे सहा आणि पिसांच्या माशीने धरलेल्यांपैकी सुमारे चार. कणीक ही गांडुळाच्या पंक्तीतली. तीही माशाला खाण्याजोगीच वाटते. घशातला आकडा ओढून काढला तर मासा बहुधा मरतो. तोंडाशी दोरी कापून आकडा आत तसाच राहू दिला तर वाचण्याची आशा पुष्कळ वाढते, असेही प्रयोगांत दिसून आले आहे.

आता माणसाचे काय ते पाहा. अलीकडे धरलेला मासा सोडून देणे ही एक सभ्यता मानली जाते, आणि योग्य ठिकाणी ती सभ्यताच आहे. पण एखादा गृहस्थ कणकेच्या गळाने सकाळभरात वीस मासे धरतो, प्रत्येकाचे छायाचित्र काढतो, प्रत्येकाला पाण्यात सोडतो आणि आपण एकही मासा मारला नाही या समाधानात घरी जातो. त्या वीसांतले काही संध्याकाळपर्यंत तळाशी पालथे पडलेले असतात. ते त्याला दिसत नाहीत, एवढेच. शेजारी दुसरा एक गृहस्थ असतो. तो चार मासे धरतो, चारही जागीच मारून साफ करून बर्फात ठेवतो, काठी गुंडाळतो आणि घरी जाऊन मुलाबाळांसह खातो. लोक पहिल्याला दयाळू म्हणतात आणि दुसऱ्याला खादाड. आमच्या मते हिशेब उलटा आहे. पहिल्याने किती जीव घेतले हे तो सांगू शकत नाही. दुसऱ्याने चार घेतले, हे त्याला ठाऊक आहे आणि त्याने ते अंगावर घेतले आहे.

ही केवळ आमची कल्पना नव्हे. कायद्यानेही तिची दखल घेतलेली आहे. वॉशिंग्टन राज्याच्या नियमांत असे कलम घालण्यात आले की, खाण्याच्या आमिषाने धरलेला ट्राउट ठेवा अथवा सोडा, दिवसाच्या मर्यादेत तो मोजला जाईल. क्राउली सरोवरावर तर वर्षाचेच दोन भाग करण्याचा शिरस्ता दीर्घकाळ राहिला. एप्रिलअखेरीपासून जुलैपर्यंत आमिषाला मुभा आणि दिवसाला पाच मासे. ऑगस्टपासून आमिष बंद, फक्त उलटा काटा नसलेले कृत्रिम गळ, आणि ठेवायचे ते दोनच, तेही अठरा इंचांहून मोठे. म्हणजे घेण्याचा काळ निराळा आणि सोडण्याचा काळ निराळा. दोहोंची भेसळ होऊ नये, हे त्या नियमामागचे शहाणपण.

कोणी विचारील, इतके बोलण्याऐवजी मासा धरूच नये असे का सांगत नाही? प्रश्न रास्त आहे, आणि ज्याने ते व्रत घेतले त्याच्याशी आमचा वाद नाही. आपल्याच मुलखात महाडजवळ वाळणकोंड येथे देवीचे मासे म्हणून महसीर राखलेले आहेत. त्यांना कोणी गळ दाखवत नाही, भाविक त्यांना खाऊ घालतात आणि हात जोडून परततात. अशा श्रद्धेने जे मासे राखले, ते मोठ्या मोठ्या कायद्यांना राखता आलेले नाहीत. पण ज्यांना धरायचे आहे, खायचे आहे, त्यांच्यासाठीही एक नीती लागते. तळे राखील तो पाणी चाखील, ही म्हण आपण नेहमी चाखण्याच्या बाजूने सांगतो. तिच्यातले पहिले क्रियापद राखणे हे आहे.

म्हणून ज्यांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी एखाद्या सरोवराच्या काठी बरणीतली कणीक घेऊन बसतात, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून आम्ही आटोपते घेतो. आधी परवाना काढावा आणि त्या पाण्याचे नियम वाचावेत, कारण प्रत्येक पाण्याचा नियम निराळा असतो. कणीक लावली तर खाण्यासाठीच लावावी. हवे तेवढे मासे मिळाले की, वेळ उरला असला तरी, गळ आवरावा. फारच लहान मासा लागला तर त्याला ओल्या हाताने, शक्यतो पाण्यातच धरावे, घशात आकडा असल्यास दोरी कापावी आणि सोडावे. धरण्या-सोडण्याचाच आनंद हवा असेल, तर कणीक घरी ठेवून पिसांची माशी बांधायला शिकावे. ते अवघड आहे, मासे कमी लागतात, आणि म्हणूनच तो खेळ बरोबरीचा होतो.

नदीतल्या जंगली माशाला धरताना माणूस म्हणू शकतो की, त्याला वाढवले ते नदीने आणि शिकवले ते निसर्गाने. संथ पाण्यातल्या या ट्राउटच्या बाबतीत तशी पळवाट नाही. त्याचे पाणी आपण अडवले, त्याला जन्म आपण दिला, भूक आपण लावली आणि त्या भुकेच्या वासाची गोळीही आपणच केली. इतके सारे आपले असताना त्याचे मरण तेवढे दृष्टीआड ठेवणे आम्हांला न्यायाचे वाटत नाही. कणकेची गोळी खाऊ घालण्यासाठीही करता येते आणि धरण्यासाठीही. गोळी तीच, हातही तोच. कशासाठी करीत आहोत हे करणाऱ्याने आधी ठरवावे, आणि ठरवलेल्याला जागावे, एवढेच आमचे सांगणे आहे.